निघताना ‘येतो’ म्हणावं

१२ एप्रिल, शनिवार

आज अखेर मी शिवारकट्ट्यावर दाखल झाले, आणि मला इतकी मजा वाटली की माझी मलाच लाज वाटली. श्रेयानं आठवडाभर टाळलं. नेट नाही, बॅटरी नाही, आत्याआजी तुला ते कळणार नाही. शेवटी मी तिला सांगितलं की आख्खी नोकरी मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर काढली आहे, अर्धी बारामती उरलेल्या अर्ध्या बारामतीशी मी जोडून दिलेली आहे, तेव्हा एका ॲपात शिरायला मला कुणी बोट धरून न्यायला नको. चष्मा पुसला, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि शिरले.

हे प्रकरण काय आहे ते लिहून ठेवते. ‘शिवार’ नावाचा मोबाईलवरचा एक गेम आहे. त्यात प्रत्येकानं आपलं एक गाव वसवायचं. जमीन नांगरायची, विहीर खणायची, घरं बांधायची, गुरं पाळायची. जिंकणं नाही, हरणं नाही, शेवट तर नाहीच. या गेमच्या वेड्यांनी आपसात गप्पा मारायला इंटरनेटवर एक खोली उघडली आहे, तिचं नाव शिवारकट्टा. बहुतेक मंडळी आपल्याच बारामती-इंदापूरकडची. ज्यांच्या रानातली खरी विहीर मार्चातच तळाला गेली, ते लोक दिवसभर एकमेकांना विचारत बसतात की मोबाईलमधल्या विहिरीला दगड कुठून आणू. मी कपाळाला हात लावला, पण वाचत राहिले.

एकानंही आपलं खरं नाव लावलेलं नाही. एक ‘डेंजर पाटील’ आहे, एक ‘बिबट्या’, एक ‘ऊसवाली राणी’. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, विजयमाला, आणि पुढं ‘निवृत्त’. नाव लपवायला मी काय दरोडा घातलाय? खोलीचा मालक मानसिंग नावाचा गृहस्थ आहे, त्याचं निमगाव केतकीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं ‘या मॅडम, बसा’ असं लिहून फुलांची चित्रं पाठवली. माणूस चांगला दिसतो.

मी तिथं का गेले ते मात्र कुणाला सांगितलेलं नाही. राजवर्धन, म्हणजे माझा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा, वडगाव निंबाळकरला शेती बघतो. गेल्या दिवाळीत त्याची बायको मनिषा वारली, आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी म्हणून त्यानं श्रेयाला माझ्याकडं आणून ठेवलं. पोरगी जेवते, अभ्यास करते, विचारलं तर उत्तर देते. पण हसते फक्त त्या फोनकडं बघून. राजवर्धननं जाताना माझे हात धरले आणि म्हणाला, आत्या, हिला सांभाळ, मला आता आणखी काही गमवायचं नाही. मी शब्द दिला. पोरगी ज्या खोलीत राहते त्या खोलीत मला जाता आलं पाहिजे, एवढाच माझा हिशेब.

१५ एप्रिल, मंगळवार

शिवारकट्ट्यावर शिस्त नावाची चीज नाही. येताना कुणी रामराम करत नाही, आणि निघताना तर विचारूच नका. कुणी ‘बाय’, कुणी ‘चला’, कुणी नुसतं अंगठ्याचं चित्र टाकून गुल. काल डेंजर पाटलानं चक्क ‘जातो’ असं लिहिलं. माझं डोकं फिरलं.

शाळेत आम्हाला सिस्टर फिलोमिना रांगेत उभं करून सुरात ‘गुड आफ्टरनून’ म्हणायला लावायची, आणि घरी उंबऱ्यात ‘जाते’ म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. दोघींनी मिळून मला घडवलं आहे. मी खोलीत लांबलचक लिहिलं, की बाबांनो, आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. निघणाऱ्यानं ‘येतो’ म्हणावं, घरच्यानं ‘या’ म्हणावं, आणि मग उठावं. एवढं शिकायला विहीर खणावी लागत नाही.

मला वाटलं हाकलून देतील. उलट मानसिंगनं तोच खोलीचा नियम करून वरती चिकटवून टाकला. आता जो तो निघताना ‘येतो मॅडम’ लिहितो आणि मी प्रत्येकाला ‘या’ म्हणते. थट्टाच करतात, पण म्हणतात तर खरं. निम्म्या लोकांना तर ‘येतो’ म्हणून पुन्हा आत यायची आणि पुन्हा निघायची हौस आली आहे.

श्रेया मात्र चिडून बाहेर आली. मी तिचं सगळ्यांसमोर हसं केलं म्हणाली. मी तिला सांगितलं की तूही ‘बाय’च लिहितेस, आजपासून ‘येते’ लिहायचं. ती दारात थांबली आणि अगदी हळू म्हणाली, “आई पण ‘येते’च म्हणाली होती. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना.”

संध्याकाळी तिनं शहाण्यासारखं खोलीत ‘येते’ लिहिलं, आणि मी ‘ये गं’ लिहिलं. भिंतीपलीकडं तिच्या खोलीत ती होती, अलीकडं मी.

१८ एप्रिल, शुक्रवार

या खोलीत जो हजर असतो त्याच्या नावाशेजारी एक हिरवा ठिपका दिसतो. माणूस गेला की ठिपका विझतो. आमच्या बोर्डावर दिवे असायचे तसंच. तेव्हा कुणी रिसीव्हर नीट ठेवला नसला की त्याचा दिवा जळत राहायचा, आणि आम्ही पोरी त्या लाइनवर जाऊन हॅलो, हॅलो करत बसायचो. म्हणूनच माझ्या ध्यानात आलं असावं. इथं एक ठिपका कधीच विझत नाही. नाव नुसतं ‘आबाजी’. फोटो नाही, आडनाव नाही.

मानसिंगला विचारलं तर तो हसला. म्हणाला, मी खोली उघडली तेव्हा हे आधीच आत होते, मी म्हटलं असतील कुणाचे तरी आजोबा, राहू देत. ते बोलत नाहीत. मधूनच आपल्या गेममधल्या गावाचं चित्र टाकतात. मी मागची चित्रं काढून पाहिली. छप्पर नसलेली घरं, चौथरे, पाण्यात उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. माणूस एकही नाही. पोरं म्हणतात, आबाजींचं गाव एकदम खरं वाटतं.

मी सरळ विचारलं, आबाजी, तुम्हाला जेवणखाण, झोप काही आहे की नाही, आता घरी जा. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

“जावं कसं त्ये ठावं न्हाय.”

मला वाईट वाटलं. म्हातारा माणूस, नातवानं ॲप उघडून दिलं असेल, बंद करायचं शिकवलं नसेल. मी समजावून लिहिलं, की त्यात अवघड काही नाही. तुम्ही ‘येतो’ म्हणा. मी ‘या’ म्हणते. मग निघायचं.

“येतो,” आबाजींनी लिहिलं.

“या,” मी लिहिलं.

ठिपका विझला. खोलीत टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. मानसिंग म्हणाला, मॅडम, तुम्ही कमाल केली, मी एवढ्या दिवसांत हा ठिपका विझलेला पाहिला नव्हता. रात्री आमरस केला. श्रेयानं दोन वाट्या खाल्ल्या.

२१ एप्रिल, सोमवार

आबाजी आता रोज दुपारी येतात, बारामती उन्हानं गपगार झोपलेली असते तेव्हा. बोलतातही. बोलणं सगळं इंदापूरकडचं, जुन्या वळणाचं. घर पाण्यापाशी आहे एवढंच सांगतात. मी कुठं राहते, कितवा मजला, दारासमोर झाड कोणतं, घरात कोण कोण, सगळं विचारून झालं. खेड्यातल्या वडीलधाऱ्यांची चौकशीची रीतच असते, मी सांगितलं. बारामतीतच, इंदापूर चौकातून आत वळलं की गुलमोहर, त्याच्यासमोरची इमारत, पहिला मजला.

एक गंमत. मी निघताना ‘येते’ म्हटलं की ते ‘या’ म्हणत नाहीत. विचारतात, “कवा?” काल मी लिहिलं, येऊ की, पोरीची परीक्षा होऊ द्या. श्रेयालाही तेच विचारतात. तिनं लिहिलं, आत्याआजी आणेल तेव्हा.

श्रेया म्हणते की गेममध्ये गावाच्या शिवेपलीकडं काही बांधताच येत नाही, तिथं नकाशाच संपतो. आबाजींनी आज टाकलेल्या चित्रात शिवेच्या दगडापुढं रस्ता गेलेला आहे. डांबरी. मी म्हटलं, म्हाताऱ्यानं तुम्हा सगळ्यांना मागं टाकलं बघा. ती हसली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

बातमी चांगली नाही. सकाळी मानसिंगच्या नंबरवरून फोन आला, पण बोलत होती त्याची बायको जयवंता. माझ्या फोनच्या काचेसाठी त्यानं मला एकदा फोन केला होता, त्यावरून तिनं लावला. परवा दुपारी मानसिंगनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तिला म्हणाला जरा जाऊन येतो, आणि मोटरसायकल काढून इंदापूरच्या बाजूला गेला. फोन दुकानातच ठेवून. परत आलेला नाही. काल संध्याकाळी पोलिसांना गाडी सापडली, धरणाच्या पाण्याच्या कडेला, किल्ली लावलेली. तुमची काय भांडणं झाली होती का त्या गेमवरून, असं ती मला विचारत होती. रडत नव्हती. रडून झालेलं होतं.

फोन ठेवल्यावर मी परवाच्या दुपारच्या गप्पा काढून वाचल्या. मानसिंगनं थट्टेत लिहिलं होतं, “चला, येतो आबाजी.” आणि आबाजींनी लिहिलं होतं, “या.”

हे त्यांनी आजवर कुणालाच म्हटलेलं नव्हतं.

आणखी एक. मानसिंगच्या नावापुढं हिरवा ठिपका आहे. त्याचा फोन जयवंतेच्या हातात आहे. मी तिला तो बंद करायला लावला. ठिपका तसाच आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

दुपारी मी धीर करून खोलीत लिहिलं, मानसिंग, कुठं आहात, घरी काळजी करताहेत.

उत्तर लगेच आलं. बसलोय मॅडम. आबाजींकडं.

मी जसं रेल्वेच्या बाबूला झापते तसं त्याला झापलं. बायको पोलीस स्टेशनात बसली आहे, उठा आणि घरी जा. त्यावर त्यानं जे लिहिलं ते जसंच्या तसं उतरवते.

“येतो म्हणतो, तर म्हणत्यात बसा. परत म्हणतो येतो. म्हणत्यात बसा हो. घरधन्यानं या म्हटल्याबिगर उठता येत न्हाय मॅडम. या म्हणा की कुणीतरी.”

मी ‘या’ लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं, पानभर लिहिलं. काही उपयोग झाला नाही. घर माझं नव्हतं.

जयवंतेला फोन केला. जिवंत आहे का एवढंच सांगा म्हणाली. मी म्हटलं, लिहितो तर आहे. ती पोलिसांबरोबर पाण्यापर्यंत जाऊन आली होती. चिखल होता म्हणाली, आणि पाणी ओसरल्यानं उघडे पडलेले, धरणात बुडालेल्या गावाचे जुने चौथरे. त्यातल्या एका चौथऱ्यावर त्याच्या चपला होत्या. नीट, जोडीनं, आपण कुणाच्या घरात जाताना काढून ठेवतो तशा.

माझ्या फोनातून ॲप काढून टाकलं. श्रेयाच्याही. ती इतकं बोलली की मनिषा गेल्यापासून इतकं बोललेली नव्हती. त्यापैकी एकही शब्द चांगला नव्हता. चालेल. बोलू दे.

२७ एप्रिल, रविवार

ॲप परत आलं आहे. मी घेतलेलं नाही. श्रेया आईची शपथ घेऊन सांगते की तिनंही नाही.

आबाजींचं नवीन चित्र. निमगाव केतकीचा बाजार आहे. पालं, वजनकाटे, टोमॅटोच्या पाट्या, माणूस एकही नाही. रस्त्याला अर्धं ओढलेलं एक शटर.

त्याखाली लिहिलंय, “तुमी येते म्हणाला हुता. वाट ठावं नसंल. न्यायला येतो.”

आणि मी—

मी शेवटचा शब्द वाचला, ‘येतो’, आणि बोटांनी आपोआप लिहिलं, ‘या’. पुढचं-मागचं डोक्यात शिरायच्या आत. जन्मभराची सवय. पाठवून झाल्यावर वाचलं मी काय केलं ते.

पुसायला गेले. पुसलं जात नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

आजचं चित्र भवानीनगरचं. कारखान्याची चिमणी, धूर नाही, उसाच्या रिकाम्या बैलगाड्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट झाली.

श्रेयानं आज सकाळी शांतपणे सांगितलं की आबाजी तिच्याशी बोलतात. रोज बोलतात. ते म्हणाले, जे ‘येते’ म्हणून गेले आणि आले नाहीत, ते सगळे त्यांच्याकडं बसलेले असतात. तिनं विचारलं, माझी आई? ते म्हणाले, व्हय, हितंच हाय, मोरपंखी साडी, डाव्या हाताला सुई टोचल्याली. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना मनिषाच्या अंगावर मोरपंखी साडी होती, हे श्रेया, राजवर्धन आणि माझ्याखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नाही.

मला म्हणाली, तू चल ना आत्याआजी. आपण दोघीही ‘येते’ म्हणालोय.

तिचा चेहरा उजळला होता. मी इतके महिने त्या चेहऱ्याची वाट पाहत होते.

राजवर्धनला फोन केला. त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय. मी त्याला सांगितलं की तुझी पोरगी धरणाच्या पाण्यात चालत जायला तयार होऊन बसली आहे, आता तरी जीप काढशील का.

१ मे, गुरुवार

राजवर्धन श्रेयाला वडगावला घेऊन गेला. तिचा फोन मी काढून घेतला. दाराशी ती थांबली, निघताना काहीतरी म्हणायचं असतं म्हणून तोंड उघडलं. मी तिच्या ओठांवर हात ठेवला. म्हटलं, काही म्हणू नकोस, तशीच जा.

पोर एका शब्दाशिवाय जिना उतरून गेली. असं मी आयुष्यात कुणाला घालवलं नाही.

राजवर्धन मला पण चल म्हणत होता. मी गेले नाही. आबाजी न्यायला माझ्याकडं येणार आहेत. मी वडगावला गेले तर वडगावला येतील.

दुपारचं चित्र इंदापूर चौक. मोकळा. एक रिक्षा नाही.

पाठोपाठ दुसरं. गुलमोहर.

२ मे, शुक्रवार. दुपार

आले.

बेल नाही, दार नाही. मी टेबलाशी बसले होते. समोरच्या वेताच्या खुर्चीची बैठक करकरली आणि खाली दबली. तिथं कुणी दिसत नाही. वेत दबलेला दिसतो. ओल्या गाळाचा वास.

फोनवर: आलो बाई. पोरगी कुठं हाय?

मी उठले आणि पाणी आणून ठेवलं. काय करणार, पाहुण्याला आधी पाणी. परत वळून पाहिलं तर पेला रिकामा आणि तळाशी वाळू.

मी काही सांगितलं नव्हतं, तरी फोनवर: पोरगी वडगावला हाय व्हय. तिला घिऊन मग तुमास्नी नेतो. येतो.

‘या’ अगदी दातांपर्यंत आलं. जीभ चावली, रक्त आलं. मानसिंग आठवला. घरधन्यानं या म्हटल्याबिगर उठता येत नाही. घर माझं आहे.

मी मोठ्यानं म्हटलं, “बसा.”

वेत पुन्हा करकरला. बसले.

२ मे. संध्याकाळ

ते ‘येतो’ म्हणतात. मी ‘बसा’ म्हणते. चहा ठेवला. ‘येतो.’ बसा हो, एवढी काय घाई. चिवडा ठेवला. ‘येतो.’ आत्ताच तर आलात. खेड्यातल्या यच्चयावत चिवट बायका आज माझ्या अंगात आल्या आहेत. राग असा येतो आहे की भीती मागं पडली. माझ्या पोरीला न्यायला आलास का रे. बस मग. मी आहे आणि तू आहेस.

राजवर्धनचा फोन आला होता. श्रेया जेवली. झोपली.

ते चुळबुळ करायला लागले तशी मी होतं नव्हतं ते सगळं बोलले. संकोच करू नका. लाजू नका. पाय वर घेऊन बसा. परकं मानू नका, घर तुमचंच आहे.

त्यानंतर ‘येतो’ म्हणणं बंद झालं. निवांत बसलेत. जिंकले मी असं दिसतंय.

३ मे, शनिवार. सकाळ

ठिपका हिरवा. खुर्ची गप्प. वास मात्र सगळ्या घरात, कपाटातल्या साड्यांनाही.

दूध आणायला निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि पाऊल उचलेना. दुखत नाही, काही नाही, नुसतं उचलत नाही. तोंडातून सवयीनं निघालं, येते.

मागून आवाज आला. फोनवर नाही. आवाज.

“बसा.”

मी येऊन बसले. बसावंच लागलं.

३ मे. नंतर

काय म्हणाले होते मी. घर तुमचंच आहे.

कुणाच्याही घरात म्हणतात ते. प्रत्येक पाहुण्याला म्हणतात. कुणी खरं—

त्यानं खरं धरलं.

आता पाहुणी मी.

‘येते’ म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. बसा. बसा हो. माझ्याच शब्दांत. एवढी काय घाई.

३ मे. दुपार

राजवर्धनचा फोन. श्रेया घरात नाही. सकाळच्या एसटीनं बारामतीला निघाली असं कुणीतरी सांगितलं. आत्याआजीनं आज पहाटे बोलावलं म्हणे. फोनवर. तुझा आवाज होता आत्या, मीच दिला तिला फोन—

मी केला नाही. मी कुणालाच फोन केला—

ये म्हणाली म्हणे आत्याआजी. आई पण आलीय म्हणाली.

तो निघालाय. त्याला वेळ लागेल. फोन आता लागत नाही. खालच्या मजल्यावर हाका मारल्या. आवाज या भिंतींच्या बाहेर जात नाही. खिडकीला हात पुरत नाही. खुर्चीतून उठताच—

एवढंच हाताशी आहे. वही आणि पेन. श्रेया, तू हे वाचलंस तर आत यायच्या आधी वाच. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून वाच. विचारू नकोस. कुणाच्याही घरात आत येऊ का असं विचारू—

जिन्यावर पावलं.

तिचीच. दोन पायऱ्या एकदम चढते.

दाराशी थांबली. चपला काढते आहे. नको, चपला नको काढू—

“आत्याआजी, येऊ का?”

नको म्हणाले. ओरडले. जा. श्रेया, जा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला जा म्हटलं, जा गं, पळ— ऐकू जात नाही तिला. परत विचारते आहे. हसून विचारते आहे. माझ्या नाहीला आता या घरात काही—

समोर खुर्ची करकरली. घसा खाकरला. आवाज माझाच. ते ‘ये’ म्हणायला तोंड उघ